सोतो इल मोंतेचं घर

पोप तेविसावे जॉन यांच्यावरचा लेख आवडला, पण त्यांच्या माहेरच्या मातीला एकच ओळ मिळाली याची रुखरुख लागली. म्हणून थोडी भर घालतो.

आंजेलो रोंकाल्ली हे पोप जॉन यांचं मूळ नाव. त्यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1881 चा, उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या सोतो इल मोंते गावातला. घरची शेती स्वतःची नव्हती, अर्धेलीची होती. राबायचं आपण आणि निम्मं पीक जमीनमालकाच्या दारात नेऊन टाकायचं. घरात डझनाहून जास्त भावंडं. ताटात बहुतेक वेळा पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं पिठलंच म्हणा ना. आमची वसईची वाडी होती, तरी पाऊस उघडला नाही की आजी तांदळाच्या पेजेवर दिवस काढायची. त्यामुळे ते ताट मला डोळ्यांसमोर दिसतं.

1958 मध्ये ते पोप झाले. त्यांनी भावांना ना पदव्या दिल्या ना जहागिऱ्या. भाऊ शेतकरी होते ते शेतकरीच राहिले. आपण गरीब जन्मलो आणि गरीबच मरतोय याचा आनंद त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवला. मला सगळ्यात भिडतं ते हेच.

त्यांनी 1962 मध्ये भरवलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेमुळे, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आली. माझ्या आजोबांनी अर्धं आयुष्य लॅटिन प्रार्थना न कळता ऐकल्या. मराठीतली पहिली मिस्सा ऐकून ते घरी आले आणि कितीतरी वेळ ओट्यावर गप्प बसून राहिले, असं वडील सांगायचे.