टोमॅटोच्या तिरंगा व्हायरसचा तो मेसेज परत फिरतोय, तर एकदाच लिहून टाकतो

काल एकाच दिवसात तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: टोमॅटोवर तिरंगा व्हायरस आलाय, खाल्ला तर माणसालाही होतो, सगळा बियाण्यातून आलाय, लॅबच्या नादी लागू नका, टॉनिक आणि ताक-गुळाचे दोन स्प्रे मारा, आठ दिवसात प्लॉट हिरवागार. खाली हात जोडलेले इमोजी, आणि पुढे पाठवा.

आधी ते माणसाला होण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या एका वाक्याने केलंय. मे 2020 आठवा, लॉकडाऊनमुळे मार्केट आधीच झोपलेलं आणि त्यात टीव्हीवर सुरू झालं की हा कोरोनापेक्षा डेंजर आहे, मग गिऱ्हाईक टोमॅटोला हात लावायला तयार होईना. बंगळूरच्या आयआयएचआरने, म्हणजे फळं-भाज्यांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्याकडचे नमुने तपासले तर मुख्य सापडला तो काकडी मोझॅक, म्हणजे सीएमव्ही, वर्षानुवर्षं आपल्याच शेतात असलेला. झाडांचे व्हायरस माणसाच्या पेशीत शिरून वाढत नाहीत. मिरचीवरचा एक माइल्ड मॉटल व्हायरस तर मिरची आणि सॉस खाणाऱ्यांच्या पोटातून इतका सहीसलामत बाहेर पडतो की सांडपाण्यात मैला किती मिसळलाय हे मोजायला शास्त्रज्ञ त्यालाच शोधतात! रोज खातोय आपण, कळतही नाही.

आता "तिरंगा". फळावर लाल-पिवळे-हिरवे पट्टे दिसले की व्हायरस, असं नसतं राव. पारा 32-35 च्या वर राहिला की फळातला लाल रंग नीट तयारच होत नाही, पिवळं राहतं. पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडलं तरी डाग पडतात. आणि खरोखर व्हायरस असला तरी कुठला? पानं दोरीसारखी बारीक झाली तर संशय सीएमव्हीवर. पानं वाटीसारखी वर वळून झाड खुजं राहिलं तर लीफ कर्ल. शेंडा जळाला, खोडावर काळपट चट्टे, फळावर गोल रिंगा, तर बहुतेक बड नेक्रोसिस, ज्याला आपण टॉस्पो म्हणतो. पहिला मावा किडीने येतो, दुसरा पांढऱ्या माशीने, तिसरा थ्रिप्सने, म्हणजे फुलकिड्यांनी. नाव एकच ठेवलं तिरंगा, मग उपाय कशावर करणार?

"सगळा बियाण्यातून आला" यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. टोबॅमो गटातले, म्हणजे टोबॅको मोझॅकच्या घराण्यातले, व्हायरस बियाण्याच्या सालीवर बसून येतात. त्यातला ब्राउन रुगोज इस्राईलमध्ये 2014 ला दिसला आणि पाचेक वर्षात युरोप, मेक्सिको, चीनपर्यंत पोचला, ज्या टीएम-टू-स्क्वेअर जीनच्या भरवशावर रेझिस्टंट वाण विकले जायचे तो जीनही त्याने निकामी केला. पण टॉस्पो टोमॅटोच्या बियाण्यातून येत नाही, तिथे बियाणेवाल्याला शिव्या देऊन थ्रिप्स काही कमी होणार नाहीत. आणि उलटंही होतं, बरं का. दिल्लीच्या नावाचा आपला लीफ कर्ल 2012 ला स्पेनच्या झुकिनीत निघाला. म्हणजे तिकडच्यांसाठी बाहेरून आलेलं संकट आपणच.

स्प्रे. झाडात शिरलेला व्हायरस मारणारं औषध बाजारात नाही, कोणाचंच नाही. टॉनिकने नवा फुटवा येतो, चार दिवस बरं दिसतं, आणि तेवढ्यात त्याच झाडावरून पांढरी माशी पुढच्या ओळीत जाते. सीएमव्हीत तर मावा काही सेकंद सोंड टोचून उडतो, तेवढ्यात व्हायरस देऊन मोकळा, औषध लागून मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. दुधाचा मात्र एक खरा उपयोग आहे: बांधणी करताना, फुटवे काढताना मलई काढलेल्या दुधात हात आणि कात्री बुडवत राहिलं तर टोबॅमो एका झाडावरून दुसऱ्यावर जायचा कमी होतो. फवारून नाही हो, हात बुडवून! आणि तंबाखू मळून तसेच प्लॉटमध्ये शिरणाऱ्यांनी तर साबणाने हात धुवावेतच, टोबॅको मोझॅक त्या पुडीतही असू शकतो.

राहिलं "लॅबच्या नादी लागू नका". माझा खरा राग इथे आहे. आम्ही रोपं लावल्यापासून आठवड्यात दोनदा प्लॉट फिरतो, फार काही नाही, पांढरा कागद धरायचा आणि त्यावर फूल झटकायचं, एक मिनिटात पिवळट बारीक रेघा पळायला लागतात, ते थ्रिप्स. पिवळा चिकट सापळा पांढऱ्या माशीला आणि माव्याला, निळा थ्रिप्सला, आणि आकडा वहीत. एका हंगामात मी ते टाळलं, शेजारच्याचं ऐकून टॉनिकवर राहिलो, पहिल्या तोड्यालाच निम्मे क्रेट बाजूला काढावे लागले. आता संशय आला की शेंड्याची कोवळी पानं लॅबला पाठवतो. काही व्हायरसच्या पट्ट्या मिळतात, पान चुरडून द्रावणात बुडवायची, कोविडच्या किटसारखी रेघ उमटते. पाठवताना पानं ओली करू नका, वाटेत सडतात, मग लॅबवाला तरी काय सांगणार.

आणि उपटलेली झाडं बांधावर टाकू नका. ती वाळताना त्यावरची माशी उडून जाते कुठे, तर तुमच्याच उरलेल्या ओळींवर, म्हणून आधी पिशवी घाला झाडावर आणि मग उपटा.