‘हा काय खातो?’ याचं उत्तर बागेतच आहे

सिंगापूरच्या ‘गार्डन्स बाय द बे’ या बागेतल्या क्लाउड फॉरेस्ट नावाच्या काचघरात मे २०२५ मध्ये मान हलवणारे, डोळे मिचकावणारे यांत्रिक डायनासोर आले. तेव्हापासून त्यांच्या फोटोंखाली एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: बागेची जत्रा केली, डायनासोरांचा झाडांशी काय संबंध? हिरवळीवर उभे करतात, पण त्या काळी गवत होतंच कुठे? मुलं झाडांकडे ढुंकूनही बघत नाहीत. सगळं नवं फॅड आहे. माझ्याकडे हा मजकूर तीन ग्रुपांवरून आला, दोनदा तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांकडून. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी संबंधाचं बोलू. कुठल्याही मुलाला डायनासोरपुढे उभं करा, ‘चावतो का?’ विचारून झालं की ते विचारतं, ‘हा काय खातो?’ लांब मानेच्या त्या अजस्र प्राण्यांचं उत्तर झाडांतच आहे. नेचे, आणि सायकॅड, गिंको, अरौकेरिया ही बिनफुलांची झाडं. पंधरा कोटी वर्षांपूर्वीचं जंगल मुख्यतः याच मंडळींचं होतं, फुलांचा बहर नंतरचा. आपल्याकडे कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून वाढवतात तो अरौकेरियाच, आणि बंगल्याच्या फाटकाशी असतो तो सागो पाम म्हणजे सायकॅड. नावात पाम असला तरी तो पाम नव्हे. त्याच्या पानाला एकदा हात लावून बघा. ताठ, चिवट, टोकाला सुईसारखं. मधोमध नवी पानं फुटताना प्रत्येक पर्णिका, म्हणजे पानाची एकेक बारीक पाती, नेच्यासारखी गुंडाळलेली असते, आणि दोन-तीन आठवड्यांत ती उलगडून कडक होते. मी वर्गात हे दाखवायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची.

एक दुरुस्ती मात्र मीच करते. सायकॅडना सरसकट ‘जिवंत जीवाश्म’, म्हणजे डायनासोरांच्या काळापासून न बदलता टिकलेले, म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. घराणं डायनासोरांच्याही आधीचं आहे, पण आजच्या बहुतेक प्रजाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्या, असं २०११ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. बागेतल्या पाटीवर हे यायला हवं.

आता गवत. हा आक्षेप ऐकायला फार शास्त्रीय वाटतो, आणि त्याचं उत्तर आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोरा तालुक्यातल्या पिजदुरा इथे डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले, एकाच नव्हे तर अनेक प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं. डायनासोरांच्या शेवटच्या पर्वात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं, याचा हा पुरावा. म्हणजे शेवटच्या काळातला डायनासोर गवतात उभा केला तर चूक काहीच नाही. ज्युरासिक काळातला, म्हणजे त्या पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातला, केला तर चूक, आणि ती जरूर दाखवावी.

नवं फॅड म्हणाल, तर लंडनजवळच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ मध्येच डायनासोरांचे पूर्णाकृती पुतळे उभे राहिले. ती बाग आखणारा जोसेफ पॅक्स्टन मुळात माळी होता. पुतळे अजूनही आहेत. इग्वानोडॉन या डायनासोरच्या अंगठ्याचं हाड त्यात चुकून नाकावर बसवलंय. तेव्हाचं विज्ञान तेवढंच होतं.

मुलं झाडांकडे बघत नाहीत, हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो अर्धा खरा आहे. पोलादी सांगाडा, त्यावर फोम, वर सिलिकॉनची कातडी आणि आत मोटारी, असा प्राणी मान वळवतो तेव्हा नजर तिकडेच जाणार. पण पुष्कळ ठिकाणी पाटीवर प्राण्याची लांबी आणि वजन असतं, शेजारच्या वृक्षनेच्याचं नावही नसतं. मग मुलांनी बघायचं तरी काय? दोष पाटी लिहिणाऱ्याचा आहे, मुलांचा नाही. कर्कश स्पीकर लावून पक्षी हुसकावणं, मुळांवर पाया घालणं यांना माझाही विरोध आहे. तेवढ्यासाठी डायनासोरच नको म्हणणं पटत नाही.

कारण नामशेष होणं म्हणजे काय, हे मुलाला डायनासोरपाशी जितकं चटकन कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही. तिथून चार पावलांवर सायकॅड असेल तर सांगता येतं की, आज यांच्या निम्म्याहून जास्त प्रजाती धोक्यात आहेत. एन्सेफालार्टोस वुडी हा सायकॅड १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला, एकच झुबका, तोही नर. मादी आजवर मिळालेली नाही. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये त्याचं एक झाड १८९९ पासून जपलंय. जगात आज जी झाडं आहेत ती सगळी त्याच एका नराच्या फुटव्यांपासून केलेली, बियांपासून नव्हे.

आपल्याकडच्या एखाद्या बागेने उद्या डायनासोर आणायचं ठरवलं, तर माझं मागणं इतकंच. टी-रेक्स नको. पिजदुऱ्याचा लांब मानेचा आणा, गवतातच उभा करा, आणि पायाशी त्या शेणाच्या दगडाची प्रतिकृती ठेवा, मुलांना हातात घेता येईल अशी.