विंडोजचा पुनर्विकास

आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा वेळ बाबांनी दिनक्रमात बसवून टाकला होता. बटण दाबायचं, खाली जाऊन दूध आणायचं, वाटेत वॉचमनशी पाण्याच्या टाकीवरून वाद घालायचा, वर येऊन पासवर्ड टाकायचा. मग पेपर. त्यातलं निधनवार्तांचं पान वाचून होईपर्यंत डेस्कटॉपवरची चित्रं एकेक करून उगवत.

भाच्याला हे बघवेना. "मामा, एसएसडी टाका, म्हणजे नव्या जातीची डिस्क. बाकी मशीन ठणठणीत आहे." भाचा डोंबिवलीला असतो, इंजिनिअरिंगला आहे आणि आपल्याला सगळं येतं याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण या बाबतीत त्याचं खरं होतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा गरगरते, तरी हवा तो तुकडा हुडकून काढायला दरवेळी साधारण दहा-बारा मिलिसेकंद जातातच. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज झोपेतून उठताना हजारो बारक्या फायली मागते आणि त्या तबकडीभर विखुरलेल्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. सगळा चिपांचा कारभार, मागितलं की हातात.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून ५०० जीबीची एसएसडी आणली. इतकी हलकी, की खोक्यात खरंच काही आहे का हे मी दुकानातच उघडून पाहिलं. घरी भाच्याने ती जोडली, तर स्क्रीनवर ४६५.

"पस्तीस कुठे गेले?" बाबांचा आवाज चढला. बाबा सोसायटीच्या पुनर्विकास समितीवर आहेत.

भाच्याने समजावलं, की कंपनी शंभर कोटी बाइट्सचा एक जीबी धरते. विंडोज मात्र १०२४ ने तीनदा भागते, म्हणून आकडा लहान दिसतो. बाइट्स तेवढेच.

"म्हणजे हा कार्पेट एरिया," बाबा म्हणाले. "रेरा कायदा आल्यापासून बिल्डरसुद्धा कार्पेट सांगतात. हे लोक अजून सुपर बिल्ट-अपच विकतायत?"

हलवायचा होता फक्त विंडोज असलेला सी ड्राइव्ह. डी मध्ये सोसायटीची इतिवृत्तं, आमच्या लग्नाचं शूटिंग (एकच, पण तीन फोल्डरांत) आणि ताईचा लग्नाआधीचा बायोडेटा. ते सगळं जुन्या डिस्कवरच राहणार होतं. सी बरोबर दोन-तीन छोटे कप्पेही न्यावे लागतात, जे एरवी दिसतच नाहीत. त्यातल्या एकात विंडोजला उठवणारा प्रोग्राम असतो. तो मागे राहिला, तर नव्या जागेत विंडोज नुसती झोपून राहणार. क्लोनिंग, म्हणजे हुबेहूब नक्कल उतरवणं, सुरू झालं. बायकोने चटणीसाठी मिक्सर लावला, तर बाबांनी धावत जाऊन प्लग काढला. पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर इतकी रेंगाळली, की भाच्याने पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली.

मग रीस्टार्ट. "काय पळतोय!" बायको म्हणाली. बाबांनी मान डोलावली. खर्च मी केलेला असल्यामुळे सर्वांत जास्त वेग मलाच जाणवला. भाचा कौतुक घेऊन डोंबिवलीला गेला.

रात्री मात्र जुन्या डिस्कची कुरकुर ऐकू आली. डिस्कांची यादी दाखवणारं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर नवी एसएसडी तिथे 'ऑफलाइन'! क्लोन करताना डिस्कचा ओळख क्रमांकही जशाचा तसा उतरला होता. एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या, की विंडोज एकीला बंद ठेवते. थोडक्यात, नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली, सामानही लागलं आणि मालकीणबाई जुन्याच खोलीत नांदत होत्या. बाबांनी मत मागे घेतलं नाही. "तरी कालच्यापेक्षा बराच होता."

भाच्याला फोन लावला. "सोपं आहे मामा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि बायोसमध्ये एसएसडी पहिली लावा." सोपं! बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम. त्यात शिरायला डिलीट नेमकी कधी दाबायची, हे कॉम्प्युटर सांगतो तो क्षण डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतो. मी बटण लावल्यापासून दाबतच सुटलो. शेवटी निळा पडदा आला, क्रम बदलला, आणि बाबांना चष्मा सापडायच्या आत मशीन पासवर्ड मागू लागलं. बाबांना पासवर्ड आठवेना. आजवर तो आठवायला भरपूर वेळ मिळत असे.

पुढच्या रविवारी भाचा उरलेलं काम उरकायला आला. जुनी डिस्क परत जोडली, 'ऑनलाइन' केली, डी जागच्या जागी मिळाला. "आता जुना सी पुसून टाकतो. जागा मोकळी होईल."

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "ताबा मिळाल्या मिळाल्या जुनी जागा पाडायची नसते. एक पावसाळा जाऊ दे. नवी गळते का बघू."

"आजोबा, एसएसडी गळत नाही."

"बिल्डरही हेच म्हणतो."