टप उघडणाऱ्या गाडीची पारख

शोरूमला जाताना स्कूटरवरून जाऊ नका, असं तुम्हाला सगळे सांगतील. तुम्ही खुशाल स्कूटरवरून जा. हेल्मेट काखेत धरूनच आत शिरा. दोन सीटांचं, वरून उघडं वाहन पुण्याच्या रस्त्यांवर चालवण्याचा तुमचा अनुभव वीस-पंचवीस वर्षांचा आहे. टाय लावून कोल्ड कॉफी विचारायला आलेल्या त्या मुलाचा असेल फार तर आठ महिन्यांचा. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना, दोन्ही १९७२ च्या. म्हणजे टप नसलेल्या टू-सीटरची या गावाला पन्नास वर्षांहून जुनी परंपरा आहे. लूनाला टप नाही म्हणून मात्र कोणी जास्त पैसे मागितले नव्हते.

मुलगा आकडे सांगू लागेल. सांगू द्या, पाठ केलेत बिचाऱ्याने. समजा बीएमडब्ल्यूची झेड-फोर एम-४०-आय आहे: तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० अश्वशक्ती, शून्यापासून १०० चा वेग साडेचार सेकंदांत. ऐकून भुवया वर करा, त्याला बरं वाटेल. मग मनातल्या मनात हिशेब करा. साडेचार सेकंदांत १०० गाठायला साठ-सत्तर मीटर लागतात, आणि तिथून थांबायला आणखी पस्तीस-चाळीस. म्हणजे शंभर-एक मीटर सलग, सपाट, रिकामा रस्ता. उलट दिशेने कोणी येणार नाही असा. मी बराच वेळ आठवून पाहिलं. एक रस्ता आठवला, पण तिथे आता खोदलंय.

तेव्हा पुणेकराने वेगळा आकडा विचारावा. टप किती वेळात उघडतो? झेड-फोरचा १० सेकंदांत, आणि गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आत असेल तर चालता चालतासुद्धा. परदेशातले परीक्षक या ५० च्या अटीवर कुरकुर करतात. आपल्याला ती अट आहे हे कळायचंच नाही. कर्वे रोडवर सकाळी दहा ते रात्री नऊ, मनात येईल तेव्हा बटण दाबा. नळ स्टॉपला एका लाल दिव्यात टप तीनदा उघडून तीनदा मिटतो, आणि तुम्ही तो तसा उघडमिट करणारच. पहिल्या महिन्यात सगळे करतात.

हा सल्ला ऐकीव नाही. आमच्या सोसायटीत बी विंगला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे अशी गाडी आहे. कंपनीचं नाव मी घेत नाही. ते स्वतःच दिवसातून पुरेशा वेळा घेतात. त्यांच्या शेजारच्या सीटवर मी एकदा एरंडवण्यापासून कोथरूड डेपोपर्यंत पाऊण तास बसलो आहे. त्या पाऊण तासात मला कळलं ते असं, की पुण्याच्या रस्त्यावर ज्याने सगळ्यांत जास्त पैसे मोजले तो सगळ्यांत खाली बसलेला असतो. रिक्षावाला त्याच्याकडे वाकून बघतो. ॲक्टिव्हावरची कॉलेजची मुलगी स्कार्फच्या फटीतून वरून खाली बघते. आणि शेजारी पीएमपीची बस येऊन थांबली, की खिडकीतल्या साऱ्या सीटांना तुमच्या मांडीवरचा मोबाइलसुद्धा वाचता येतो. आम्हाला त्या दिवशी एक आजी भेटल्या, बसमधल्या. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "अहो, वरचं काम राहिलंय का करायचं?"

मर्सिडीजने २००४ च्या एसएलके या टप उघडणाऱ्या गाडीत एक सोय आणली: सीटच्या वरच्या भागातून तुमच्या मानेवर गरम हवा फुंकणारी. नाव एअरस्कार्फ. ही सोय असलेली गाडीच हवी असा हट्ट धरू नका. कर्वे रोडवर ती शेजारच्या बसकडून मिळते, दोन्ही बाजूंनी. आणि स्कार्फचं म्हणाल तर त्यात पुण्याच्या मुलींना जर्मनांनी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही.

यानंतर गाडीची जमिनीपासूनची उंची विचारा. साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, असं उत्तर येईल. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूच चढून हळूच उतरणारा असायला हवा. कागदावर सेंटिमीटरभर तरी तुमच्या बाजूने शिल्लक आहे. पण सोसायटीच्या गेटसमोरचा गतिरोधक मानक वाचून घातलेला नसतो. सेक्रेटरींच्या नातवाला सायकलचा धक्का लागतो, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर गच्चीच्या कामातलं उरलेलं सिमेंट तिथे ओतून जातो. तेव्हा टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर कशाला फिरवता? थेट घरी आणा. गतिरोधक तिरपा घ्यायचा, एकेक चाक चढवायचं. आमचा वॉचमन यात आता तयार झालाय. काठी बाजूला ठेवतो, उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि हाताने बोलावत राहतो. "येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडं... बस, बस... लागलं." 'लागलं' हा शब्द तो आवाजाच्या अर्धा सेकंद आधी म्हणतो. गृहस्थांनी दिवाळीला त्याला वेगळं पाकीट दिलं.

'स्टिअरिंगमधून रस्ता बोलतो' असं एक वाक्य प्रत्येक परीक्षणात हमखास असतं. हे गुण म्हणून लिहिलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. आपला रस्ता मुळात बोलघेवडा. मोठ्या एसयूव्हीतल्या माणसाशी तो दोन शब्द तुटक बोलतो आणि सोडून देतो. पण या गाडीत तो तुम्हाला शेजारी बसवून घेतो आणि प्रत्येक ड्रेनेजच्या झाकणाची, केबलसाठी खणून अर्धवट बुजवलेल्या प्रत्येक चराची हकीकत थेट मणक्याला सांगतो. ऐकून घ्यावं. मोठ्या माणसांना बोलताना मध्येच थांबवता येत नाही तसं आहे हे.

असो. खरी परीक्षा तुम्ही घेणारच नाही आहात. ती घेणारं मंडळ सकाळी सात वाजता कमला नेहरू पार्कवरून फिरून परत येतं. चारजण, त्यांतले दोन निवृत्त इंजिनिअर. तुम्ही गाडी पुसत असता (ड्रायव्हरला हात लावू देत नाही, कारण रंग), आणि ते गाडीभोवती उजवी प्रदक्षिणा घालतात. पहिला प्रश्न: "किती देते?" खोटं बोलू नका. गावात सात-आठ देते म्हणा आणि पुढची शांतता सोसा. शांततेत एकजण "आमची देते बावीस" एवढंच म्हणतो, पण तो तुम्हाला म्हणत नाही, झाडाकडे बघून म्हणतो.

दुसरा प्रश्न: "केवढ्याला पडली?" इथे सविस्तर उत्तर द्यायची ऊर्मी येईल, की बाहेर बांधून आणलेल्या गाडीवर आयात शुल्कच मूळ किमतीएवढं किंवा वर लागतं, त्यावर जीएसटी, त्यावर परदेशी गाडीचा महाराष्ट्रातला २० टक्के वाहनकर, म्हणून कोटीच्या वर जाते. आवरा. तुम्ही अर्ध्याहून अधिक पैसे कराचे भरले, हे ऐकून त्यांना तुमच्याविषयी आदर वाटणार नाही. आमच्या गृहस्थांनी नुसती रक्कम सांगितली होती. मंडळातले ज्येष्ठ काका विचार करून म्हणाले, "एवढ्यात कर्वेनगरला फ्लॅट आला असता. आणि छप्पर पक्कं."

तिसरा प्रश्न हा प्रश्न नसतो, हुकूम असतो. "इंजिन दाखवा बघू." झेड-फोर असेल तर बॉनेट उघडा, सुटलात. पोर्शची बॉक्स्टर घेतली असेल तर मात्र तयारी करून ठेवा. पोर्शने १९९६ पासून ती गाडी बनवताना इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवलंय, त्यामुळे वळणावर गाडी तोल सांभाळते, सगळं खरं. पण ते इंजिन बाहेरून दिसत नाही. पुढचं झाकण उघडलंत तर आत डिकी. मागचं उघडलंत तर आत डिकी, आणि कडेला तेल-पाणी घालायची झाकणं. दोन्ही मिळून पावणेतीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे भाजी आणि एक वाणसामानाची पिशवी आरामात. इंजिनिअर काका दोन्ही डिक्क्यांत डोकावतील, बोटाने अस्तर दाबून बघतील आणि म्हणतील, "इंजिन मागे, डिकी पुढे. म्हणजे नॅनोसारखं!" तुम्ही काही बोलायच्या आत दुसरे म्हणतील, "नॅनो वाईट नव्हती हो. लाखात येत होती, आणि चार सीटा होत्या."

सीटांचं खरंच बघा. दोनच असतात. एक तुमची, उरलेली एक कोणाची, हे घरात आई, बायको आणि बारावीतली मुलगी असताना ठरवायचा प्रयत्न करू नका. आमच्या गृहस्थांनी केला. तेव्हापासून त्या सीटवर ऑफिसची बॅग बसते, बेल्ट लावून. बेल्ट लावला नाही तर गाडी टुंगटुंग करते, म्हणून.

स्टेपनीबद्दल विचारलंत तर एक बाटली दाखवतील. पंक्चर झालं की आतला द्राव टायरमध्ये भरायचा. हे पंक्चरवाल्याला सांगताना तुम्ही त्याच्या नजरेला नजर देऊ नका.

टप कधी उघडायचा हेही आधीच ठरवून ठेवा. मार्च ते मे डोकं भाजतं. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरचं ऊन मे महिन्याला लाजवतं. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही दिवसा धूळ आणि रात्री धूर, म्हणजे हाताशी येते ती सकाळ, सहा ते आठ. तेव्हा थंडी असते. गृहस्थ कानटोपी घालून निघतात. कोटीभराच्या उघड्या गाडीत, बांबूच्या काड्यांसारखे सरळ बसलेले, गळ्याशी मफलर आणि डोक्यावर कानटोपी. पाठीमागून पाहिलं तर कोणी आजोबा टबात बसून निघालेत असं वाटतं. मफलर उडायला हवा म्हणून वेग वाढवावा, तर कान दुखतो.

एक्स्प्रेसवेवर न्या, असंही कोणी सुचवेल. जरूर न्या. सपाटीला मर्यादा १०० ची, घाटात त्याहून बरीच खाली, आणि कॅमेरे जागे असतात. कंपनीने गाडी मुद्दाम २५० वर अडवून दिलेली असते. उरलेले दीडशे घरी ठेवून निघा. ताम्हिणीबद्दल एवढंच, की जुलैत तो घाट बघण्यासारखा असतो आणि जुलैत टप उघडता येत नाही.

उघडी गाडी दहा मिनिटं रस्त्याकडेला लावून बघा, हीसुद्धा चाचणीच आहे. परत याल तेव्हा सीटवर अकरावी-बारावी क्लासेसची दोन पत्रकं, एक शेवग्याचं पान आणि पेरूचा अर्धा खाल्लेला तुकडा असेल. मिटलेली लावलीत तर कापडी टपावर मांजर झोपलेलं असेल. टपाचं कापड फार चांगल्या प्रतीचं असतं, हे पुण्यात सर्वांत आधी मांजरांना कळलं.

गणपतीचं मात्र आधी विचारून घ्या. सेल्समनला नाही, घरी. गृहस्थांच्या पत्नीची पहिल्या वर्षीच अट होती, की एवढी गाडी घेतली आहे तर बाप्पा त्यातूनच येणार. बरोबरच होतं. कसबा पेठेच्या कुंभारवाड्यातून शाडूची दोन फुटी मूर्ती, तीही वाकडी न करता आणायला उघड्या गाडीसारखी सोय दुसरी नाही. बॅग उठली, वहिनी बसल्या, मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, तोंडावर रुमाल. सासूबाई आणि मुलगी मागून रिक्षात, झांजा घेऊन. शनिवारवाड्यापर्यंत लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. गृहस्थ सांगतात की गाडीला एवढा मान त्याआधी नव्हता मिळाला, त्यानंतरही नाही.

लकडी पुलावर पाऊस आला. भाद्रपदातला, न विचारता येणारा. गृहस्थांनी बटण दाबलं. मागून झाकण उचललं गेलं, टप उठला, डौलात पुढे आला, आणि वहिनी ओरडल्या. मुकुट टपाहून चार बोटं वर होता. टप अर्ध्यावर, बाप्पावर आ वासून उभा राहिला. पुढे नेता येईना, आणि पाऊस सुरू म्हणून मागेही घ्यावासा वाटेना. मागच्या रिक्षातून सासूबाई झांजा वाजवतच होत्या, त्यांना वाटलं मुद्दाम थांबलेत. शेवटी रिक्षावाला उतरला. त्याने स्वतःच्या रिक्षाचा पावसाचा प्लास्टिकचा पडदा सोडवून आणला, बाप्पावर आणि वहिनींवर मिळून नीट पांघरला, कोपरे पाटाखाली खोचले आणि गृहस्थांना म्हणाला, "साहेब, आता सावकाश घ्या. मी मागं आहे." डेक्कनपासून कोथरूडपर्यंत तो खरोखर मागे होता.

यंदा ते मूर्ती सांगायला आषाढातच गेले. मी बरोबर होतो. कारागिराने विचारलं, "मखर केवढं आहे?" गृहस्थांनी खिशातून मोजायची टेप काढली, त्यावर बॉलपेनने केलेली खूण दाखवली आणि म्हणाले, "मखराचं सोडा."