फादरला आत्ताच बोलवा

आमच्या वसईतल्या कॅथलिक समाजात माणसाने सत्तरी गाठली की त्याच्या श्रद्धेची काळजी करणं लोक सोडून देतात. शुगर किती, गुडघे कसे, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, सगळी चौकशी होते. "काका, प्रार्थनेत मन लागतं का हो?" एवढं मात्र कोणी विचारत नाही. वय झालं म्हणजे माणूस देवाच्या जवळ सरकलाच, असं धरून चालायचं.

मी त्याच वयाचा आहे, आणि माझी उठबसही याच वयाच्या मंडळींत. श्रद्धा वयाबरोबर आपोआप पिकत नाही. बऱ्याचदा ती सुकते. जोडीदार गेलेला, मुलं कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियाला, पहाटे तीनला जाग येते, जपमाळ हातात घ्यावी तर ओठ चालतात आणि मन कुठेच नसतं. हे फादरला सांगायची लाज वाटते, कारण गावात आपण जुने भाविक म्हणून ओळखले जातो ना! स्तोत्रसंहितेतलं 71वं स्तोत्र काढून वाचा. म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, अंगातली शक्ती सरली तरी सोडू नकोस, असं तो भक्त देवाला सरळ विनवतो. ही भीती पवित्र शास्त्रात उघड बोलून दाखवलेली आहे, मग आपणच का लपवायची?

आधी शरीराचं बोलू, कारण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुटते ती बहुतेक वेळा शरीरापायी. कान ऐकत नाहीत आणि जुन्या उंच छपराच्या चर्चमध्ये माइकचा आवाज घुमतो, प्रवचनातलं अर्धं कळत नाही. दुसरं कारण कोणी बोलत नाही, मी बोलतो: लघवी. तासभर धरून बसता येत नाही आणि जवळपास सोय नसते. बायकांचे तर फारच हाल. चर्चच्या नूतनीकरणाला आपण वर्गण्या काढतो, तेव्हा वेदीच्या संगमरवराआधी या सोयीचा विचार व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहा, देव रागावत नाही. उपवासाचंही तेच. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दिवसांच्या उपवासाचं बंधन 18 पूर्ण झाल्यापासून 60वं वर्ष लागेपर्यंतच आहे. तरी मधुमेहाच्या आज्या हट्टाने उपाशी राहतात आणि क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत चक्कर येऊन पडतात. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, घेण्याआधीचा तासाभराचा उपवासही वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही. औषध आणि पाणी तर कोणालाच वर्ज्य नाही.

2020च्या लॉकडाऊनपासून मोबाइलवरच्या मिस्सेची सवय लागली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती चांगलीच सोय आहे. पण जो माणूस सकाळी मासळी आणायला बाजारात चालत जातो, त्याने रविवारी सोफ्यावर चहा पीत मिस्सा 'बघावी', हे मला पटत नाही.

आता खरं दुखणं. ते जमिनीचं आहे. आपल्याकडे वाड्या होत्या, केळी होती, पानवेली होत्या, सामायिक विहिरी होत्या. मग गुंठ्याला भाव आला आणि भावाभावांत बांधावरून कोर्ट सुरू झालं. आज ऐंशीतले दोन सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्सेला, दोन टोकांना बसतात आणि शांती देण्याच्या वेळी एकमेकांकडे पाठ करतात. कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, गेले की लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या वर्गात पाठ केलेली तीच यादी: खोटं बोललो, रागावलो, संध्याकाळची प्रार्थना चुकवली. भावाचं नाव निघत नाही. येशूने मात्र मत्तयच्या 5व्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. यात वयाची सूट कुठेही दिलेली नाही. म्हातारपणी जपमाळेच्या चार फेऱ्या वाढवणं सोपं आहे, त्या अंगणात पाऊल टाकणं कठीण. आणि उशीर झाला तर एक भाऊ दुसऱ्याच्या मयतालाच जातो. मयताला सगळे रडतात, त्याचं काय कौतुक!

मुलासुनांशीही हेच. "आमच्या वेळी..." हे पालुपद म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातली 84 वर्षांची हन्ना मंदिरात बाळ येशूबद्दल सगळ्यांना सांगत सुटली, आणि म्हाताऱ्या जखऱ्याने मात्र मूल होणार या देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, म्हणून मुलाचं नाव ठेवायची वेळ येईपर्यंत तो मुका झाला. आपण हन्नाच्या वाटेने जायचं की आपल्याला जखऱ्याचं औषध हवं, हे ज्याने त्याने ठरवावं.

पण पोस्ट लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार आपण अजूनही मरणाच्या दारातला समजतो. "फादरला बोलावलं तर बाबा घाबरतील," म्हणून मुलं थांबतात, आणि बाबांची शुद्ध गेल्यावर धावाधाव करतात. मग बाबांना ना कन्फेशन करता येतं, ना कम्युनियन घेता येतं, ना 'आमेन' म्हणता येतं. लॅटिन मिस्सेची उत्तरं पाठ केलेल्या पिढीतला मी आहे. तेव्हाची भीती समजू शकतो. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965मध्ये रोममध्ये भरलेली जगभरच्या बिशपांची सभा) ही समजूत दुरुस्त केली आणि 1972मध्ये पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा नवा विधी लागू केला. मोठं ऑपरेशन असेल तर त्याआधी हा संस्कार घेता येतो. आजार काही नाही पण वयाने शरीर फार खचलंय, तरीही घेता येतो. दुखणं वाढलं तर पुन्हाही घेता येतो. याकोबाच्या पत्रात तर आजाऱ्यानेच मंडळीच्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे आजच्या भाषेत फादरना, बोलवावं असं आहे. म्हणजे बोलावणं आपण करायचं, शुद्धीत असताना.

स्मृती गेलेल्यांनाही वगळू नका. आमच्या शेजारच्या आजी मुलाला ओळखत नाहीत, त्याला 'तुम्ही कोण?' विचारतात. पण 'नमो मारिया' ही मरियामातेची प्रार्थना कोणी सुरू केली की पुढचं सगळं न अडखळता म्हणतात. अशा माणसापाशी बसून रोज दहा मिनिटं मोठ्याने प्रार्थना करायला सुनेला किंवा नातवाला पदवी लागत नाही.

तेव्हा तरुण मंडळींनो, आज चर्चच्या ऑफिसला फोन लावा. घरात कोण आहे, वय काय, घास गिळता येतो का, कितवा मजला, लिफ्ट आहे का, दुपारी झोपतात किती वाजता, एवढं लिहून द्या. फादरना जमलं नाही तर सिस्टर किंवा नेमलेले सेवक कम्युनियन घेऊन येतील. आणि फादर येतील त्या दिवशी टीव्ही बंद ठेवा, आजोबांना कानाचं मशीन लावा, आणि कन्फेशनसाठी त्या दोघांना खोलीत एकटं सोडा. दाराआडून ऐकायला कोणी थांबू नये.