चौदा इंचांचा बास आणि आमची वलगण

जून लागला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यातून, बांधावरच्या पाण्यातून उलटे चढत भातखाचरात अंडी घालायला येतात, रायगडात आम्ही याला वलगण म्हणतो, घाटाकडे चढणीचे मासे म्हणतात. कोणीतरी फोटो टाकतो, घमेलंभर शिवडे न् मळ्ये, पोटं टम्म फुगलेली, की लगेच खाली दुसऱ्याचा मेसेज, गाभोळीचे मासे मारू नका, पुढच्या वर्षी काय खाणार? त्यावर तिसरा, बापजाद्यांपासून मारतोय, तेव्हा संपले नाहीत ते आत्ताच कसे संपतील? मग बंदी आणा विरुद्ध परंपरा वाचवा असं चार दिवस चालतं आणि पाऊस लागून राहिला की सगळे भाताच्या आवणीला जातात.

मी राहतो अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आणि इथे बास नावाच्या माशाचे नियम बघितले की मला आपल्या वादात नक्की काय कमी आहे ते दिसतं. लगेच कोणी म्हणू नका की हा तिकडे बसून आम्हाला अक्कल शिकवतोय, इथलं जसंच्या तसं तिकडे न्यावं असं मला अजिबात वाटत नाही, का ते पुढे सांगतो.

बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ अशा दोन जाती इथे मुख्य. नियम असा की मासा कमीत कमी 14 इंच पाहिजे, म्हणजे साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर, आणि दोन्ही जाती मिळून दिवसाला पाचच ठेवायचे. घरी न्यायचा हंगाम बहुतेक तलावांवर मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो तो 31 डिसेंबरपर्यंत, पण लेक सेंट क्लेअरवर मात्र जूनच्या तिसऱ्या शनिवारी. एकाच राज्यात, एकाच माशाला, पाणी बदललं की तारीख बदलते! बाकीच्या दिवसांत पकडलात तरी तिथल्या तिथे सोडायचा, ही सवलत 2015 पासून आली. मोजायचं कसं तेही ठरलेलं आहे, मासा पट्टीवर आडवा ठेवायचा, तोंड मिटलेलं, शेपटीची टोकं चिमटीत धरून जुळवायची आणि मग आकडा वाचायचा. आमच्या शेजारच्या तलावावर आठ-नऊ वर्षांची पोरं हे इतक्या सराईतपणे करतात, तेरा साडेतेरा भरला की आईबापाकडे न बघताच पाण्यात सोडतात, कोणी ओरडावं लागत नाही.

आता या 14 इंचामागे साधं कारण आहे. या थंड पाण्यात मासा तेवढा व्हायला पाच-सहा वर्षं तरी जातात आणि तोवर त्याने निदान एकदा तरी वीण केलेली असते. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंश झालं की नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर तिथेच राखण करत फिरत राहतो, पिल्लं निघाल्यावरही काही दिवस. त्या नराला गळाने उचललं तर काही मिनिटांत ब्लूगिलसारखे छोटे मासे घरट्यावर तुटून पडतात, मग तुम्ही त्याला परत सोडलात तरी मागे काय शिल्लक? म्हणून 2015 च्या सवलतीवर इथेही भांडणं झाली, अजून होतात. पण ते भांडण कशावर चालतं, तर किती तापमानाला, कुठल्या तलावात, किती दिवस. मारायचे की नाही मारायचे एवढ्यावरच ते अडकून पडत नाही, आणि मला हेवा वाटतो तो याचाच.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, ती वाढवावी का यावर चर्चा होते. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा केलं आणि समुद्रातल्या पन्नासहून जास्त जातींची किमान लांबीही ठरवली, चांगलंच केलं, पण ओढ्यातल्या शिवड्याचं माप या सगळ्या वादात कोणी काढत नाही. आणि नुसतं माप आणून भागणारही नाही. कारण आपला मासा बाससारखा घरटं राखत बसत नाही, वर चढतो, अंडी सोडतो आणि पाण्याबरोबर परत खाली जातो. त्याला जपायचं तर चढतानाचे ते दोन-तीन दिवस जपायला हवेत, अंडी टाकून खाली उतरणारा मासा पकडला तर तेवढं बिघडत नाही. म्हणजे अख्ख्या वलगणीवर बंदी कशाला? पहिला लोंढा वर जाऊ द्या, नंतर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाका. हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगावं लागणार नाही, त्यांना माशाची चाल आपल्यापेक्षा जास्त कळते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि यावर ग्रुपवर कोणी बोलतच नाही. इथे सतरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मासे धरायचं लायसन्स लागतं, राज्यातल्या रहिवाशाला 26 डॉलरच्या आसपास. शिवाय गळ, रॉड, रील विकत घेतलात की त्यात केंद्राचा 10 टक्के कर आलेला असतो, 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याचा, त्यातला डिंगेल मिशिगनचाच खासदार. तो पैसा राज्यांना परत मिळतो माशांसाठी, आणि अट अशी आहे की ज्या राज्याने लायसन्सचे पैसे दुसरीकडे वळवले त्याला तो मिळणार नाही. त्यामुळे तलावावर अधिकारी आला आणि माशांचा डबा (कूलर) उघडायला लावला तर लोकांना तो नुसता अडवणारा वाटत नाही, आपल्याच पैशाने आपलाच तलाव राखणारा वाटतो. आपल्याकडे इंग्रजांच्या वेळी, 1897 मध्येच कायदा झाला, पाण्यात सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला तेव्हापासून बंदी आहे! आणि आजही नदीच्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, जिलेटिन फोडतात, एका दुपारी बोटभर पिल्लापासून वाम-मरळपर्यंत सगळं पांढरं होऊन वर येतं. पागवाल्या म्हाताऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी या माणसांची नावं ग्रुपवर घ्यावीत. ती गावात सगळ्यांना माहीत असतात.

आणि आता ते कारण, ज्यामुळे इथलं उचलून तिकडे ठेवू नये म्हणतो मी. बास हा इथे बहुतेकांचा छंद आहे. तेरा इंचाचा सोडून दिला म्हणून कोणाच्या घरी चूल पेटायची राहत नाही. आपल्या वाडीवरच्या कातकऱ्याच्या घरात जूनमध्ये दाणा संपत आलेला असतो, कामं नसतात, तेव्हा हा मासा म्हणजे त्याचं जेवण असतं आणि उरला तर वाळवून पुढची सोय. त्याच्यावर आणि शहरातून गाडी घेऊन मजा म्हणून येणाऱ्यावर एकच नियम लावणं हा न्याय नाही.

अमेरिकेनेही तो एक नियम सगळ्यांना लावलेला नाही, ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचत नाही. 1836 च्या तहात इथल्या ओडावा आणि ओजिब्वे या आदिवासी लोकांनी सरकारला जमिनी दिल्या पण मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. राज्य सरकार कित्येक वर्षं ते मानायला तयार नव्हतं, त्यांची जाळी जप्त झाली, खटले झाले, आणि 1979 मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की हक्क शाबूत आहे. आज त्या जमाती आपल्या लोकांसाठी आपले नियम करतात, त्यांचे स्वतःचे अधिकारी आहेत, मासे जपायचं काम तेही करतात. हे भांडून मिळवलेलं आहे, कोणी मनाचा मोठेपणा दाखवून दिलेलं नाही.

आपल्याला तर तेवढं भांडायचीही गरज नाही, कारण 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यावरचे मासे स्पष्ट लिहिलेले आहेत. ज्या गावांना लागू होतं त्यांनी दावा करायचा, ग्रामसभेने ठरवायचं, अमुक ओढ्यावर पहिले तीन दिवस कोणी उतरायचं नाही, नंतर कोणी उतरायचं, कुठल्या जाळ्याने, बाहेरून आलेल्याला किती, आणि ब्लीचिंग वाल्याला दंड किती. वाडीवरची माणसं त्या सभेला असलीच पाहिजेत, नुसती सहीला नकोत. आणि हे सगळं मे महिन्यात व्हायला हवं, कारण एकदा पाऊस पडून ओढा वाजायला लागला की मग कोणी कोणाचं ऐकत नाही.