पहिली म्हणजे एकटी

कॅनडाच्या संसदेतल्या स्त्रियांवरचा लेख आवडला. पण अ‍ॅग्नेस मॅकफेल यांना 'पहिल्या महिला खासदार' या एका ओळीत उरकलंत, ते खटकलं.

1921 साली ऑन्टारियोच्या ग्रामीण भागातून ही शेतकऱ्याची मुलगी, पेशाने शाळामास्तरीण, प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे निवडून आली. 235 जणांच्या सभागृहात बाई एकच! दुसरी आली थेट 1935 मध्ये. चौदा वर्षं एकटीने बसायचं, आणि तेही गप्प नाही.

1929 मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीची संघटना) बैठकीला जिनिव्हाला गेल्या तेव्हा 'महिला व बालकल्याण' समितीत बसायला त्यांनी नकार दिला आणि निःशस्त्रीकरणाच्या समितीत जागा मागून घेतली. (बाई निवडून आली की महिला-बालकल्याण खातं तिच्या माथी मारायची सवय आपल्याकडेही कुठे गेलीय!)

मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते तुरुंग सुधारणेचं. कैद्यांच्या बाजूने बोलून मतं मिळत नसतात, तरी वर्षानुवर्षं त्या हा विषय लावून धरत राहिल्या. शेवटी 1936 मध्ये सरकारला तुरुंगांच्या चौकशीसाठी आर्शाम्बो आयोग नेमावा लागला. अहवाल 1938 मध्ये आला.

1940 मध्ये मात्र मतदारांनी घरी बसवलं. तर तीन वर्षांनी या बाई ऑन्टारियोच्या प्रांतिक विधानसभेत हजर. तिथे समान कामाला समान वेतन मिळावं म्हणून झगडल्या आणि 1951 मध्ये तसा कायदा झाला.

मॅकफेल यांच्यावर वेगळा लेख लिहाच.